बाख कुठला, मोझार्ट कुठला? खालचा आवाज ऐका

प्रश्न थोडक्यात असा: 'तीस वर्षं ख्याल ऐकतोय. मुलीच्या आग्रहावरून परवा पाश्चात्त्य संगीताच्या मैफलीला गेलो. मध्यंतराआधी बाख, नंतर मोझार्ट. पत्रिकेवर दोन्हीकडे लिहिलेलं, कॉन्सर्टो, डी मायनर. मला दोन्ही सारखेच वाटले. भरपूर व्हायोलिनं आणि मधे एकजण कीबोर्डवर. मुलगी म्हणते एक बरोक आणि एक क्लासिकल, जमीन-अस्मानाचा फरक आहे. तो कानाला कळायचा कसा? नावापुढचे आकडे कसले? आणि पहिला भाग संपल्यावर मी टाळी वाजवली तर लोकांनी वळून पाहिलं, ते का?'

मुलीचं बरोबर आहे, पण तुमच्या कानाचाही दोष नाही. तुम्ही वरचं ऐकत होतात. ख्याल ऐकणारा माणूस गळ्याच्या मागे जातो, बाकी सगळं त्याच्या मागे उभं असतं. तीच सवय घेऊन तुम्ही गेलात आणि दोन्ही वेळा व्हायोलिनच्या मागे गेलात. मी पंचवीसेक वर्षं चेलो, म्हणजे व्हायोलिनचा मोठा, खर्जातला भाऊ, वाजवते, म्हणजे आयुष्य खालच्या ओळीत गेलंय. तेव्हा माझं मत थोडं घरच्या बाजूनं झुकलेलं असणार. तरी सांगते: हे दोन काळ ओळखायचे तर वरची सुरावट सोडा आणि तळाला काय चाललंय ते ऐका.

आधी नावांचा घोळ मिटवू. पाश्चात्त्य अभिजात संगीताला सरसकट 'वेस्टर्न क्लासिकल' म्हणतात, आणि त्याच्या पोटातल्या एका काळालाही 'क्लासिकल' म्हणतात. तो साधारण १७५० ते १८२०. हायडन, मोझार्ट आणि सुरुवातीचा बेथोवन त्यातले. बरोक त्याच्या आधीचा, ढोबळ मानानं १६०० ते १७५०. कोरेल्ली, विवाल्डी, हँडल, बाख ही त्याच्या शेवटच्या टप्प्यातली मंडळी. बाख १७५० मध्ये लाइपझिगमध्ये वारला म्हणून तिथे रेघ मारतात. रेघ सोयीची आहे, इतकंच. त्याचेच मुलगे तेव्हा नव्या तऱ्हेचं संगीत लिहीत होते.

आता तळ. बरोक वाद्यवृंदात चेलो आणि हार्प्सिकॉर्ड (पियानोच्या आधीचा, तारा छेडणारा कीबोर्ड) मिळून एक जोडी असते, तिला कंटिन्युओ म्हणतात. रचना सुरू झाल्यापासून संपेपर्यंत ही जोडी बहुतेक थांबतच नाही. तुम्ही म्हणाल, म्हणजे तानपुरा. छे! तानपुरा एका जागी बसतो, हा बास, म्हणजे तळाची ओळ, चालतो. 'सा'वर उभा राहून वरच्याला आधार देणं हे त्याचं काम नाही. तो जिथे पाऊल टाकेल तिथे वरच्यांना जावं लागतं.

आमच्यासमोरच्या कागदावर फक्त बासची एक ओळ असते आणि काही सुरांजवळ छोटे आकडे: ६, ७, ४, पुढे ३. समजा खाली 'ग' आहे आणि तिथे ६ लिहिलाय. मग हार्प्सिकॉर्डवाल्यानं 'ग'पासून मोजून तिसरा आणि सहावा सूर घ्यायचा, म्हणजे 'प' आणि वरचा 'सा'. ते एकदम दाबायचे, उलगडून घ्यायचे, की मधे एखादी छोटी जागा करायची, हे कागदावर नसतं. ते त्याचं त्यानं उभ्या उभ्या ठरवायचं. चांगला संवादिनीवाला गायकाच्या अंगानं जसा जातो, तसंच. त्यामुळे एकच रचना दोन हार्प्सिकॉर्डवाल्यांबरोबर वाजवली की दोन वेगळे अनुभव येतात. एकदा एका बुवांनी प्रत्येक सुरावर इतकी नक्षी केली की मला माझाच बास ऐकू येईना!

क्लासिकल काळात हे चालणं थांबतं. बास एका सुरावर येऊन बसतो, दोन दोन, चार चार बार (बार म्हणजे मात्रांचा एक छोटा गट) तिथेच. मोझार्टचं १७८७ सालचं 'आइनं क्लाइनं नाख्टमुझिक' घ्या, मोबाइलच्या रिंगटोनमुळे घराघरात पोचलेलं. सुरुवातीची ती ललकारी सगळे मिळून वाजवतात, आणि लगेच पुढे चेलोवाले एकच सूर टकटकटकटक वाजवत बसतात. वर व्हायोलिन बागडतंय आणि खाली आम्ही खिळे ठोकतोय. वाजवणाऱ्याला कंटाळवाणं आहे, खोटं कशाला बोलू. पण तळ स्थिर झाल्यामुळेच वरच्या सुरावटीला वाक्यासारखी रचना करायला मोकळीक मिळाली. चार बारांचा प्रश्न, चार बारांचं उत्तर, मधे श्वास. बरोकमध्ये असा श्वास क्वचित सापडतो, तिथे एकदा चरखा फिरला की फिरला.

पियानोवर हाच बदल डाव्या हातात दिसतो. घरात कुणी पियानो शिकत असेल तर मोझार्टचा के. ५४५ (हे आकडे कसले ते पुढे सांगते) हा सी मेजरमधला सोनाटा तुमच्या कानावरून गेला असेलच. त्यात डावा हात सा-प-ग-प, सा-प-ग-प असा झुलत राहतो. या झुल्याला अल्बेर्टी बास म्हणतात, व्हेनिसच्या दोमेनिको अल्बेर्टीच्या नावावरून. हा झुला ऐकू आला तर तुम्ही बहुधा क्लासिकल काळात आहात. उलट डावा हात उजव्याइतकाच चुरुचुरु बोलत असेल आणि दोघांची जुगलबंदी चालली असेल, तर बाखच्या घरी.

नियम गळका आहे, हेही लगेच सांगून टाकते. विवाल्डीचा बास पुष्कळदा एकाच सुरावर धडाधडा ठोकत बसतो, आणि मोझार्टच्या मनात आलं की तो बाखसारखा विणायला बसतो. पण दहातल्या सात-आठ वेळा काम भागतं.

कॉन्सर्टो म्हणजे एक किंवा अनेक मुख्य वाद्यं आणि समोर वाद्यवृंद. बरोकमध्ये त्याचा एक प्रकार कोरेल्लीनं मुरवला. दोन व्हायोलिन आणि एक चेलो एका बाजूला, बाकी सगळे दुसऱ्या. त्याचे असे बारा कॉन्सर्टो, ओपस ६ (ओपस म्हणजे छापलेल्या कृतीचा क्रमांक), तो गेल्यावर १७१४ मध्ये ॲमस्टरडॅमला छापले गेले. हँडलनं पंचवीस वर्षांनी, १७३९ च्या शरद ऋतूत, त्याच वळणाचे बारा कॉन्सर्टो सुमारे महिन्याभरात लिहून काढले आणि त्यांनाही ओपस ६ हाच आकडा लागला. विवाल्डीनं मात्र एकट्या व्हायोलिनला पुढे आणलं आणि 'रिटोर्नेल्लो'ची पद्धत पक्की केली. रिटोर्नेल्लो म्हणजे परत परत येणारा तुकडा. सगळे मिळून तो वाजवतात, मग एकटा व्हायोलिनवाला करामत करतो, पुन्हा सगळे तो तुकडा घेतात.

मुखडा आठवला ना? आठवू दे, त्यानं मदतच होते, फक्त एक धोका आहे. आपला मुखडा त्याच 'सा'वर आणि त्याच समेवर येतो. रिटोर्नेल्लो दर वेळी नव्या घरात उगवतो, आणि बऱ्याचदा अर्धामुर्धाच. आधी 'सा'मध्ये, मग 'प'ला 'सा' मानून, मग आणखी कुठे. खऱ्या अर्थानं घरी तो शेवटी येतो. आपल्या कानाला हे सगळ्यात जड जातं. तानपुरा लागला की 'सा' ठरला, ही आपली समजूत पक्की. इथे मैफल चालू असताना 'सा' बिऱ्हाड हलवतो, आणि ते हलवणारा कोण, तर बास.

बरोकमध्ये हे बिऱ्हाड हलवणं फिरायला निघाल्यासारखं असतं. दोन-चार ओळखीच्या घरी डोकावून संध्याकाळी परत. क्लासिकल काळात त्याचं नाटक होतं. घर सोडलं हे ठळकपणे दाखवतात, बाहेर वादळ उठतं, आणि परतीची वाट पाहायला लावतात. ती परत आलेली सुरावट ऐकताना मला समेची आठवण येते, फक्त ही सम पाच-सात मिनिटांनी येते.

आता तुमच्याच मैफलीकडे येऊ. कीबोर्डसाठी, डी मायनर म्हटल्यावर बाखचा तो बीडब्ल्यूव्ही १०५२ असणार आणि मोझार्टचा के. ४६६. मोझार्टनं पियानोसाठी डी मायनरमध्ये दुसरा कॉन्सर्टो लिहिलेलाच नाही. ही जोडी तुलनेसाठी झकास आहे, कारण डी मायनर म्हणजे 'सा' डी या सुरावर आणि गांधार कोमल, तेव्हा दोन्हीकडे स्वर तेच, आणि दोघांमध्ये अंतर पन्नासेक वर्षांचं.

बाखच्या हातची १०५२ ची प्रत १७३८ च्या आसपासची आहे. तेव्हा तो लाइपझिगमध्ये चर्चचं संगीत सांभाळायचा आणि शिवाय कोलेगियुम मुझिकुम नावाची विद्यार्थी-वादकांची मंडळीही चालवायचा. तिचे कार्यक्रम त्सिमरमानच्या कॉफीगृहात होत. म्हणजे आज आपण श्वास रोखून ऐकतो ते संगीत कपबश्यांच्या आवाजात वाजायचं. सुरुवात सगळ्यांची एकाच सुरावटीत, ठणठणीत. मग हार्प्सिकॉर्ड सुटतो तो थांबत नाही. तुम्ही पुढच्या वेळी दुसरा भाग नीट ऐका. सगळे मिळून एक जड, वाकडीतिकडी ओळ वाजवतात, सोबत काहीच नाही. आणि मग तीच ओळ खाली सरकून बास होते आणि भाग संपेपर्यंत परत परत येत राहते. वर हार्प्सिकॉर्ड जे काही शोकाचं बोलतो ते तिच्या पाठीवर बसून. तिथे चेलोवाल्याला मुख्य वाद्याइतकी जबाबदारी असते. कितीही वेळा वाजवला तरी माझा हात त्या ओळीपाशी थोडा सावध होतो.

के. ४६६ चं सगळंच उलटं. ११ फेब्रुवारी १७८५, शुक्रवार, व्हिएन्नातला मेलग्रूबं नावाचा हॉल. मोझार्टचे वडील लिओपोल्ड त्याच दिवशी साल्झबुर्गहून येऊन पोचले होते. त्यांनी मुलीला लिहिलेल्या पत्रात आहे की ते पोचले तेव्हा नक्कल करणारा अजून वादकांच्या प्रती उतरवतच होता, आणि त्याच्यावर लक्ष ठेवण्याच्या नादात मोझार्टला शेवटचा भाग एकदा वाजवून पाहायलाही सवड मिळाली नव्हती. ती शाई ओली असलेली पानं समोर ठेवून चेलोवाल्यांनी काय वाजवलं? वर व्हायोलिन आणि व्हियोला (व्हायोलिनहून जरा मोठा, जरा खालच्या आवाजाचा) ठोक्याच्या मधे मधे अडखळत धडधडतात. सुरावट अशी काही नाही. आणि खाली, अगदी हळू, तीन झटपट सुरांची एक उसळी, खालून वर 'सा'वर. थांबायचं, पुन्हा उसळी. पाण्याखाली काहीतरी हलल्यासारखं. वाजवायला तीनच सूर, पण इतके हळू आणि सगळ्यांनी नेमक्या त्याच क्षणी, की तालमीचा निम्मा वेळ त्यातच जातो. बास इथे चालत नाही, पण दबा धरून बसलाय.

बराच वेळ वाद्यवृंदच बोलतो. मग पियानो एकटा येतो, आणि आतापर्यंतचं एकही सूत्र न उचलता स्वतःचंच काहीतरी वेगळं, एकाकी गाणं म्हणतो. ते गाणं वाद्यवृंद शेवटपर्यंत आपल्या तोंडी घेत नाही. बरोक कॉन्सर्टोत मुख्य वादक हा त्याच घरातला, जरा जास्त बोलणारा माणूस असतो. इथे तो परका आहे. शेवटी शेवटी कोमल गांधार जाऊन शुद्ध येतो आणि रचना डी मेजरमध्ये हसतखेळत संपते. काहींना तो शेवट उथळ वाटतो. मला नाही वाटत, एवढं रडून झाल्यावर माणूस चहा मागतोच.

त्या रचनेच्या पहिल्या भागात शेवटाकडे सगळे एका स्वरसमूहावर थांबतात आणि पियानोवाला एकटा मोकळा सुटतो, तो कॅडेन्झा. तिथेही खाली ऐका. आम्ही 'प' धरून थांबलेलो असतो. 'प'वर थांबलं की कानाला 'सा'ची ओढ लागते, ती तशीच लोंबकळत ठेवून पियानोवाला मिनिट-दोन मिनिटं काय वाटेल ते करतो, आणि शेवटी बहुधा 'रे'वर लांब कंप घेतो. हीच आमची खूण. तिहाईचा शेवटचा तुकडा ऐकून तबलजी जसा सरसावून बसतो, तसे आम्ही धनुष्य उचलतो, आणि 'सा'वर सगळे एकदम. या रचनेसाठी मोझार्टनं स्वतः लिहिलेला कॅडेन्झा हाती राहिलेला नाही. त्यामुळे पुष्कळ जण बेथोवननं लिहिलेला वाजवतात.

मग कंटिन्युओचं पुढे झालं काय? एका दिवसात गेला नाही. मोझार्टच्या कॉन्सर्टोंच्या हस्तलिखितांत वाद्यवृंद एकटा वाजत असतानाही पियानोच्या ओळीवर बास लिहिलेला सापडतो, म्हणजे मालक होऊनही पियानोवाला मधल्या वेळात जुनी चाकरी करत होता. हायडन १७९१ मध्ये लंडनला गेला तेव्हा सिंफनी, म्हणजे पूर्ण वाद्यवृंदाची मोठी रचना, सुरू असताना तो कीबोर्डपाशी बसायचा. त्याच्या ९८ व्या सिंफनीच्या अगदी शेवटी त्यानं स्वतःसाठी कीबोर्डचा एक चिमुकला तुकडा टाकलाय. इतका वेळ नुसता बसलेला माणूस अचानक दोन शब्द बोलतो! मला तो तुकडा कंटिन्युओनं निघताना केलेल्या नमस्कारासारखा वाटतो.

उलट दिशेची गोष्ट बाखच्या पाचव्या ब्रांडेनबुर्ग कॉन्सर्टोत आहे. १७१९ मध्ये बाखनं कोथेनच्या दरबारासाठी बर्लिनहून नवा हार्प्सिकॉर्ड आणला. १७२१ च्या मार्चमध्ये त्यानं सहा कॉन्सर्टोंची प्रत ब्रांडेनबुर्गच्या मारग्राफला, म्हणजे तिथल्या सरदाराला, अर्पण केली. पाचव्यात मुख्य वाद्यं तीन: बासरी, व्हायोलिन, हार्प्सिकॉर्ड. हार्प्सिकॉर्ड सुरुवातीला आकडे वाचणाऱ्या गड्यासारखाच वागतो. मग हळूहळू त्याची बडबड वाढते, बासरी-व्हायोलिन मागे सरतात, आम्हीही एकेक करून गप्प होतो, आणि तो ६५ बार एकटा वाजवतो. तीन मिनिटांच्या आसपास. मी गुडघ्यावर धनुष्य ठेवून बसलेली असते आणि दर वेळी मनात येतं, काल हा माझ्याबरोबर खालच्या ओळीत बसायचा.

आकड्यांचं चटकन सांगते. बीडब्ल्यूव्ही ही बाखच्या रचनांची सूची, १९५० मध्ये छापलेली, प्रकारांनुसार लावलेली. म्हणून १०५२ वरून रचना कोणत्या साली झाली ते कळत नाही, फक्त ती कॉन्सर्टोंच्या गटात आहे हे कळतं. के. म्हणजे कोखेल. त्यानं १८६२ मध्ये मोझार्टच्या रचना काळाप्रमाणे लावल्या. के. १ पोराटोराच्या वयातली, के. ६२६ म्हणजे अपुरं राहिलेलं रेक्विएम, मृतांसाठीच्या प्रार्थनेचं संगीत.

आणि टाळीचं मनाला लावून घेऊ नका. दोन भागांच्या मधे गप्प बसायचं हा रिवाज पुष्कळ नंतरचा. मोझार्टनं १७७८ च्या जुलैत पॅरिसहून वडिलांना लिहिलंय की त्याच्या नव्या सिंफनीत पहिल्या भागाच्या मधोमध एक जागा लोकांना आवडणार हे त्याला ठाऊकच होतं, लोकांनी तिथे टाळ्यांचा कडकडाट केला, आणि आवडणारच म्हणून त्यानं ती जागा शेवटी परत घातली होती. कार्यक्रम संपल्यावर खुशीत जाऊन आइस्क्रीम खाल्लं, असंही त्याच पत्रात आहे. जागेला दाद मिळाली की पुन्हा तीच जागा घेणारे आपल्याकडे कमी आहेत का? तेव्हा तुमची टाळी मोझार्टला चालली असती. शेजाऱ्यांना चालत नाही, म्हणून हॉलमध्ये पाळा. रचना संपली की कंडक्टर हात खाली सोडून वळतो, तोवर थांबा, एवढं पुरतं.

घरी ऐकायला हेच दोन डी मायनर आठवडाभर घ्या, आलटूनपालटून. मोबाइलच्या स्पीकरवर नको, त्यात बास उरतच नाही आणि माझं एवढं पुराण वाया जाईल. साधे बरे इअरफोन चालतील. पहिल्या दोन-तीन वेळा मुद्दाम व्हायोलिनकडे दुर्लक्ष करा आणि खालची ओळ तोंडानं गुणगुणता येते का बघा. बाखची येईल, ती स्वतंत्र चाल म्हणून उभी राहते. मोझार्टची गुणगुणायला गेलात तर बऱ्याच ठिकाणी हातात नुसता ठेका उरेल. मग मोझार्टचाच के. ४६७, त्याचा मधला संथ भाग. व्हायोलिनांना म्यूट, म्हणजे आवाज दबवणारी छोटी पट्टी, लावलेली असते आणि आम्ही धनुष्य न लावता बोटांनी तारा छेडतो. इथेही बास साधाच आहे, पण तो काढून टाकला तर वरचं सगळं हवेत विरून जाईल.

तळाकडे कान वळला की शेवटी विवाल्डीच्या 'वसंत'चा दुसरा भाग लावा, 'चार ऋतूं'मधल्या पहिल्या कॉन्सर्टोचा. १७२५ मध्ये छापलेलं हे संगीत लिफ्टपासून लग्नाच्या हॉलपर्यंत वाजून वाजून गुळगुळीत झालंय, पण हा भाग कुणी नीट ऐकत नाही. मेंढपाळ झोपलाय, व्हायोलिनांची पानं हळू सळसळतायत, आणि व्हियोला दोन-दोन सुरांत जोरात भुंकतोय, तो मेंढपाळाचा कुत्रा. ऐकताना काहीतरी राहून गेल्यासारखं, पायाखालची जमीन काढून घेतल्यासारखं वाटेल. विवाल्डीनं त्या भागात बासच लिहिलेला नाही. मी आणि हार्प्सिकॉर्डवाला दोघंही तेवढा वेळ नुसते बसलेलो असतो.